तीनशे बारा पानांत एकही खून नाही

सर्वप्रथम माझ्याविषयी. कारण माझ्याविषयी सांगायला मला आवडतं, आणि दुसरं कोणी सांगत नाही.

मी शालिग्राम वना बोरसे. खान्देशातला पहिला खासगी गुप्त शोधक. आजपर्यंत दुसरा कोणी झाला नाही, त्यामुळे शेवटचा नंबरही माझाच, असं आमची कोकिळा म्हणते. तिकडे लक्ष देऊ नका. ती माझी बायकोही आहे आणि मदतनीसही, म्हणजे तिला बोलायचा अधिकार दोन्हीकडून मिळालेला आहे. या धंद्याआधी सत्तावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. धुळे-साक्री, धुळे-जळगाव, धुळे-शिरपूर. पोलीस गुन्हेगार ओळखायचं ट्रेनिंग घेतात म्हणे. मी रोज चारशे चेहरे बघून शिकलो. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर अशा मायेनं बघतो, की बाहेरची सगळी कपाशी त्याच्याच बापाची असावी.

माझी कामगिरी सांगायची तर रात्र पुरणार नाही, म्हणून एकच सांगतो. साक्रीच्या आठवडे बाजारातून एक बोकड गायब झाला. मला बोलावणं आलं. मी साक्रीच्या स्टँडवर उतरतो न उतरतो तोच बोकड स्वतःहून मालकाच्या दारात येऊन उभा राहिला. नुसतं माझं नाव ऐकून आरोपी शरण आला! कोकिळा म्हणते, त्याला भूक लागली होती. असेल. भूक हेही एक कारण असू शकतं.

दारावर माझी पाटी आहे. 'बोरसे गुप्त तपास. संपूर्ण गुप्तता.' अक्षरं एवढी मोठी रंगवून घेतलीत, की गल्ली नंबर चारच्या तोंडापासून वाचता येतात. त्यामुळे माझ्याकडे कोण येतं ते सगळ्या गल्लीला कळतं, पण कशासाठी येतं ते मलासुद्धा पटकन कळत नाही. यालाच मी गुप्तता म्हणतो.

तर त्या बुधवारी दुपारी हमीदाभाभी आल्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खुर्चीवर टेकल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या,

"भाऊ, खून सापडत नाहीये."

मी उभाच राहिलो. पाच वर्षं पाटी लावून बसलो होतो आणि आज पहिल्यांदा दारात खून आला होता.

"कोणाचा?"

"तेच तर कळत नाही."

"केला कोणी?"

"तेही नाही."

"झाला कुठे?"

"ह्यात," म्हणून त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत पुस्तक होतं. 'चर्चमागचं आवार', कादंबरी, पानं तीनशे बारा.

हमीदाभाभी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या कादरभाईंच्या बेगम. कादरभाई गाद्या-रजया बनवतात. त्यांच्या हातची गादी आमच्याकडे एकोणीस वर्षं आहे आणि माझे बहुतेक मोठे तर्क मला तिच्यावर पडल्या पडल्याच सुचलेले आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरनं सांगितलं, काम बंद, आराम करा. आता ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या आरामाची सोय केली, त्याला स्वतःला आराम जमेना. मग भाभी दुपारी त्यांना वाचून दाखवायला लागल्या. कादरभाई उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलतात झकास, वाचता येत नाही. भाभींची सातवीपर्यंत मराठी शाळा. आणि कादरभाईंना आवड एकच, खुनाची.

"वाचनालयात मी पुस्तक कसं निवडते," भाभी सांगायला लागल्या, "शेवटचं पान उघडते. तिथं आधीच्या लोकांनी लिहिलेलं असतं ना, ते वाचते. हे बघा."

मी बघितलं. शेवटच्या पानावर तारखेचे शिक्के मारायची पट्टी होती आणि पट्टीच्या आजूबाजूला, आमच्याकडच्या वाचकांच्या पद्धतीप्रमाणे, अभिप्राय. एकानं लिहिलं होतं, 'असा खून मराठीत झाला नाही.' दुसऱ्यानं, 'खुनी कळला आणि हातातला चहा सांडला.' एका बाईचं अक्षर होतं, 'नवऱ्याला वाचू देऊ नका, नवीन कल्पना सुचतील.' आणि सगळ्यात खाली, 'दोन दिवस भाकर गोड लागली नाही. प्रेमराज, नशिराबाद.'

"मग आणखी काय पाहिजे?" मी म्हणालो.

"खून पाहिजे!" भाभी कडाडल्या. "एकोणीस दिवस वाचतेय मी! वसईकडची पाच कॅथलिक पोरं. ज्योएल, फ्लेवी, ग्लॅडिस, विल्सन आणि मेल्विन. पंधरा-सोळा वर्षांची. चर्चमध्ये गाणं शिकतात. नाताळचा गोठा बांधतात, त्यात गवत कुठलं लावायचं यावर सोळा पानं भांडतात. ती ग्लॅडिस उपासाच्या दिवसांत गोड खाणार नाही म्हणते, एक चिक्की खाते आणि चार पानं रडते. मग गाण्याची स्पर्धा. मी म्हटलं, आता होईल. दुसरा नंबर आला! मग केक खाल्ला आणि पुस्तक संपलं! भाऊ, ज्योएलनं सुरी उचलली तेव्हा हे छातीवर हात ठेवून उठून बसले. म्हणाले, हमीदा, जरा हळू वाच. आणि त्यानं केकच कापला हो!"

त्यांचा इतका अपेक्षाभंग झाला होता, की मला पोलिसात तक्रार द्यावीशी वाटली. पण खरी अडचण पुढेच होती.

"सोमवारी नाशिकला ऑपरेशन आहे यांचं. बायपास. आमच्या पोरानं, अल्तमशनं, तारीख घेतलीय. आधीच्या दोन तारखा यांनी चुकवल्या. डॉक्टर म्हणाले, आता पुढे ढकललं तर माझ्या हातात काही नाही. आणि हे काय म्हणतात? खून कोणाचा झाला ते कळल्याशिवाय मी जागचा हलणार नाही. चार दिवस राहिलेत." भाभींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मला खुनाचं काही नाही पडलं, भाऊ. मला माझा माणूस नाशिकला न्यायचाय."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "भाभी, शनिवारपर्यंत प्रेत हजर करतो."

त्या थोड्या दचकल्या, पण गेल्या.

तपासाची पहिली पायरी म्हणजे मोजणी. जिभेला बोट लावून मी पानं तीनदा मोजली. कंडक्टरची मोजणी आहे, चुकायची नाही. तीनशे बाराच्या तीनशे बारा पानं जागेवर. म्हणजे पान फाडून खून लपवला, ही शक्यता गेली. मग मी कादंबरी वाचायला घेतली. पन्नासाव्या पानापर्यंत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी कोकिळेला हाक मारली. ती दादर ज्वारीची भाकरी तव्यावर टाकत होती.

"कोकिळे, या पुस्तकात चौदा कबुलीजबाब आहेत!"

"कसाना?"

"कन्फेशन! दर शनिवारी ही पोरं एका जाळीच्या खिडकीपाशी गुडघे टेकतात आणि गुन्हा कबूल करतात. पलीकडे फादर. ऐकून घेतो, लिहून घेत नाही! ना एफआयआर, ना पंचनामा. शिक्षा काय देतो, तर तीन वेळा प्रार्थना म्हण. खुनाला तीन प्रार्थना!"

"अहो, पण ते चिक्की खाल्ल्याचं सांगी राह्यनी ना ती पोरगी?"

"चिक्की हा सांकेतिक शब्द आहे."

"मग विल्सन म्हणतो आईला उलट बोललो, ते?"

"तेही सांकेतिक."

कोकिळेनं भाकरी उलटली. आमच्या संसारात एवढ्यानंच बरीचशी उत्तरं दिली जातात.

गुरुवारी सकाळी मी आणखी खोलात गेलो आणि प्रेतच सापडलं. पान अठ्ठ्याऐंशी, गाण्याच्या तालमीला पाच पोरं. पान एक्क्याण्णव, तालमीला चार! मेल्विन नाही. कोणी त्याचं नाव काढत नाही, कोणी रडत नाही, पेटी वाजतेय आणि चौघं गातायत. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या लहान वयात एवढी निगरगट्ट पोरं! मी तसाच चप्पल पायात सरकवून कादरभाईंकडे निघालो, तेवढ्यात कोकिळेनं मागून हाक मारली. तिनं माझ्या आधीच, डाळ निवडत निवडत, पुस्तक वाचून संपवलं होतं.

"एकशे चार पान वाचा आधी."

वाचलं. एकशे चारव्या पानावर मेल्विन मफलर गुंडाळून परत येतो. त्याला गालगुंड झालेलं असतं.

"परत आलेला तो मेल्विनच कशावरून?" मी विचारलं. "तोंड सुजलेलं, वर मफलर. तोतया असू शकतो."

"आई गं!" कोकिळा म्हणाली. "पोरं चांगला शेतस हो. मला आवडलं पुस्तक. तुम्ही बठ्ठा पाचही जण आरोपी करून टाकले."

मी तिला क्षमा केली. ज्याला पुस्तक आवडतं, तो त्याचा तपास करू शकत नाही.

आता संशयितांकडे वळणं भाग होतं. आमच्या लोकोपयोगी वाचनालयाचे ग्रंथपाल पुना आबा, वय एकाहत्तर. त्यांच्याकडे पुस्तक असतं, चावी असते, आणि मी गेलो तेव्हा हातात दाभणसुद्धा होता. एवढं असून माणूस शांत बसून फाटक्या पुस्तकाला टाके घालत होता. मी थेट प्रश्न टाकला.

"मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे होता?"

"अठेच."

"साक्षीदार?"

"पेपर वाचणारे सात जण."

"ते कुठे बघत होते?"

"पेपरात."

"म्हणजे तुमच्याकडे कोणी बघत नव्हतं! साक्षीदार नाही."

"शालिग्राम, तुला पाहिजे काय ते सांग ना भो. मी देतो काढून."

"प्रश्न मी विचारतो, आबा."

त्यांनी खांदे उडवले आणि पुन्हा टाके घालायला लागले. मी एक तास कसून चौकशी केली. त्यांनी कधी कर्ज काढलं होतं का, वसईला कोणी नातेवाईक आहे का, कोणतं वाद्य वाजवता येतं का. एकाही प्रश्नाचं उत्तर संशयास्पद नव्हतं, हेच मला फार संशयास्पद वाटलं.

पण बाहेर पडून रसवंतीच्या बाकावर बसलो आणि पुस्तक पुन्हा उघडलं, तेव्हा या प्रकरणातला सगळ्यात भयंकर पुरावा माझ्या हाती लागला. तिकिटावरची तारीख बघण्यात माझी हयात गेलीय. शेवटच्या पानावरच्या पट्टीवर पहिला शिक्का होता जुलै २००८ चा. आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलं होतं, पहिली आवृत्ती, २०१९.

म्हणजे हे पुस्तक लिहिलं जाण्याच्या अकरा वर्षं आधी लोकांनी ते वाचलं होतं!

दुसरा कोणी असता तर गांगरला असता. मी उसाच्या रसाचा आणखी एक ग्लास सांगितला आणि अर्ध्या ग्लासात उलगडा केला. २००८ साली या कादंबरीत खून होता. लोकांनी वाचला, चहा सांडला, भाकर गोड लागली नाही. मग लेखिका घाबरली, कारण खून खरा होता आणि तिनं स्वतःच केलेला होता. तिनं सगळ्या जुन्या प्रती गोळा करून जाळल्या, खून वगळून त्या जागी गवत, चिक्की आणि गालगुंड घातलं आणि २०१९ ला पहिली आवृत्ती म्हणून पुन्हा छापली. फक्त एक चूक केली. धुळ्यातलं एक पान तिच्या हातून सुटलं.

हे सगळं सांगू शकणारा एकच जिवंत माणूस होता. प्रेमराज, नशिराबाद.

शुक्रवारी एसटीच्या निवृत्तांच्या पासावर जळगाव गाठलं, तिथून नशिराबाद. गाडीतला कंडक्टर नवखा होता, आठ लोकांचं तिकीट काढायचं विसरला होता. मी नजरेनं दाखवून दिले, त्यानं नजरेनंच मला गप्प बसायला सांगितलं. नशिराबादला प्रेमराज शोधायला वेळ लागला नाही, त्याची पिठाची गिरणी आहे. भुवयांपर्यंत पांढरा झालेला माणूस. २००८ साली तो धुळ्यात कॉलेजला होता, गल्ली नंबर पाचमध्ये खोली करून राहायचा. मी पुस्तकाचं मागचं पान त्याच्यासमोर धरलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो ना!" त्यानं गिरणी बंद केली, चेहरा खुलला. "बाप्पा, काय पुस्तक होतं राव! तो पोस्टमास्तर विहिरीत सापडतो ना, उसाच्या मळ्यातल्या. सगळे म्हणतात पाय घसरला. आणि शेवटी कळतं, मारला कोणी, तर त्या कंपाउंडरनं! जो रोज त्याला इंजेक्शन द्यायला जायचा, त्यानं!"

मी पुस्तक मिटलं. तीनशे बारा पानांत एकही पोस्टमास्तर नव्हता. विहीर नव्हती. ऊस तर वसईला होतच नसावा. कंपाउंडर म्हणावा तर मेल्विनच्या गालाला लेप लावणारी त्याची मावशी. माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव सांगतो, की खरं बोलणारा प्रवासी दोन शब्द बोलतो; खोटं बोलणारा गावातल्या विहिरीपासून सुरुवात करतो. प्रेमराज खोटं बोलत होता. लेखिकेनं त्यालाही विकत घेतलेलं होतं. मी निघताना त्यानं मला पाच किलो ज्वारीचं पीठ फुकट देऊ केलं, ही त्याहून मोठी खूण. मी पीठ पुरावा म्हणून जप्त केलं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. मोठे शोधक शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवतात. माझ्या खोलीत सहाव्या माणसाला गादीवर बसावं लागतं, म्हणून वाचनालय. 'शांतता राखा' या पाटीखाली पुना आबा, हमीदाभाभी, कोकिळा, आणि पेपर वाचणारे सात जण. कादरभाई स्वतः रिक्षातून आले. अल्तमशनं त्यांना धरून आणलं, खुर्चीत बसवलं. मला त्यांना बघून वाईट वाटलं. हा माणूस दोन हातांनी एका वेळी दोन गाद्या उचलायचा. आता खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसला होता आणि अंगातला सदरा दुसऱ्या कोणाचा असावा असा सैल झाला होता.

"शालिग्रामभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "मिला क्या? कोण मेलं?"

मी घसा खाकरला. "खुनी या खोलीत आहे!"

सात पेपर एकदम खाली आले. "शू!" पुना आबा म्हणाले.

"खुनी आहे," मी बोट रोखलं, पण ते कोणाकडे रोखावं हे ठरलेलं नव्हतं, "खुनी आहे फादर! ज्यानं चौदा कबुल्या दाबल्या."

"तो पुस्तकात आहे, काका," अल्तमश म्हणाला.

"त्याला साथ दिली लेखिकेनं!"

"ती मुंबईला राहते. मागे फोटो आहे तिचा."

"आणि खोटी साक्ष दिली प्रेमराजनं, नशिराबादच्या!"

"म्हणजे खुनी या खोलीत नाही," एक पेपरवाला म्हणाला.

"मी तेच सिद्ध करतोय," मी म्हणालो आणि २००८ आणि २०१९ या दोन तारखा सगळ्यांसमोर ठेवल्या. खोली थक्क झाली. अकरा वर्षं आधी वाचलं गेलेलं पुस्तक! कादरभाई पुढे वाकले. भाभींनी तोंडाला पदर लावला. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वोच्च क्षण होता, आणि तो अर्धा मिनिट टिकला. कारण कोकिळेनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मागचं पान उजेडात धरलं, नखानं कडेला खरवडलं आणि सहज विचारलं,

"आबा, हाई पान कोनी चिटकाडं?"

"मीच चिटकाडं," पुना आबा म्हणाले. "आनखी कोन चिटकाडी?"

कोकिळेनं खरवडलेली कड आबांपुढे धरली.

"कुठून आणलं?"

"जुन्या पुस्तकाचं. वाळवी लागली होती त्याला, अर्धं पीठ झालं होतं. ते बाद केलं. पण मागचं पान शाबूत होतं आणि पट्टी निम्मी कोरी! अठ्ठावीस शिक्के मारायची जागा बाकी होती. ती काय फेकून देऊ? खळ लावली, ह्या नव्या पुस्तकाला चिटकवली. मी नेहमी तसंच करतो."

"नेहमी?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीक निघाला.

"शंभरेक पुस्तकं तरी असतील."

कोपऱ्यातला एक पेपरवाला सावकाश उभा राहिला. "आबा, ते ठिबक सिंचनाचं पुस्तक... मागे लिहिलंय, 'शेवटी दोघांची भेट होते तेव्हा डोळ्याला पाणी येतं.' मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, माझंच मन कठोर झालंय."

"आणि मी लोणच्यांच्या पुस्तकात हसायचं कुठं ते शोधतोय, दिवाळीपासून," दुसरा म्हणाला.

"हा वेडा परवा एक तास मला विचारत होता," आबा माझ्याकडे दाभण रोखून म्हणाले, "पेटी वाजवता येते का, कर्ज काढलं का. पान कोणी लावलं ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना!"

मी या वाक्याची नोंद घेतली नाही. मी कादरभाईंकडे बघत होतो. सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता आणि माझ्या हातात प्रेत नव्हतं. मी गडबडीनं म्हणालो, "कादरभाई, ते जुनं पुस्तक वाळवीनं खाल्लं, पण त्यातला खून मला कळलाय. पोस्टमास्तर मेला. कंपाउंडरनं मारला. आता नाशिकला चला."

"पोस्टमास्तर?" कादरभाईंनी भुवया वर केल्या. "मी तर ओळखत नाही त्याला. त्याच्या मरण्याचं मला काय?"

मग ते भाभींकडे वळले. "यानी ही पोरं... ज्योएल, ग्लॅडिस... यातलं कोणीच नाही मेलं?"

"कोणीच नाही. मी किती दिवस तेच तर सांगतेय."

"तो मेल्विन?"

"गालगुंड होतं. बरा झाला."

"सगळे घरी गेले?"

"केक खाऊन गेले."

खुर्चीचे हात सोडून कादरभाईंनी दोन्ही तळहात मांडीवर ठेवले.

"हमीदा, आता खरं सांगतो. पहिल्या दिवशी तू मागचं पान वाचलंस, म्हणालीस यात एक जण जाणार. मला वाटलं, ठीक आहे. आधी त्याचा नंबर लागू दे, मग मी जातो नाशिकला. रोज वाट बघत होतो. पण कोणाचा नंबर लागेना. मग मला वाटायला लागलं, की पुस्तकात नाही तर तो नंबर माझाच आहे." त्यांनी मान खाली घातली. "मी घाबरलो होतो. खुनाबिनाचं नाटक होतं सगळं."

"मला माहीत होतं," भाभी म्हणाल्या. "म्हणून तर भाऊंकडे गेले." आणि त्या रडायला लागल्या, अगदी उघड, सात पेपरवाल्यांसमोर. आबांनी 'शू' केलं नाही.

"अल्तमश," कादरभाई म्हणाले, "सोमवारी किती वाजता निघायचंय?"

"पहाटे पाचला, अब्बा."

"हे पुस्तक घे बरोबर. तीनशे पानं आणि एक माणूस मरत नाही. दवाखान्यात असंच पुस्तक न्यावं. मी तर त्या पोरांचं काही ऐकलंच नाही, नुसता संशय घेत बसलो. परत वाच, हमीदा. पहिल्या पानापासून."

पुना आबांनी पुस्तक पुढे ओढलं आणि रजिस्टर उघडलं. "मुदत वाढवून देतो. पण परत करायला स्वतः यायचं, कादरभाई. दुसऱ्याच्या हाती पाठवलं तर मी घेणार नाही."

पंधरा दिवस गेले. तीन आठवडे गेले. ऑपरेशन झालं असं अल्तमशनं फोनवर सांगितलं, त्यापुढे तो जास्त बोलेना. आयसीयूत जरा जास्त दिवस ठेवलंय, एवढंच. पुना आबा म्हणजे दोन दिवस उशीर झाला तर घरी निरोप धाडणारा माणूस. त्यांनी या पुस्तकासाठी कोणालाही निरोप धाडला नाही. मी रोज सकाळी वाचनालयात जाऊन बसायचो. कोकिळेला सांगितलं, दारावर पाळत ठेवतोय, एक नवीन प्रकरण आहे. प्रकरण काही नव्हतं. मला भीती वाटत होती आणि ती घरी बसून सोसवत नव्हती. वेळ घालवायला मी आबांबरोबर खोटी मागची पानं सोडवायला लागलो. पाण्याचा हात लावायचा, पान उचलायचं. चौऱ्याण्णव पुस्तकं सोडवली. कुठल्या पुस्तकावर लोक रडले होते, ते आता कायमचं गूढ राहील.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी साडेदहा वाजता, दारात रिक्षा थांबली. आधी अल्तमश उतरला. मग हमीदाभाभी. आणि मग दोघांनी हात पुढे केले ते नको म्हणत, स्वतः दांडी धरून, कादरभाई उतरले. पायऱ्या तीनच आहेत, त्यांना त्या चढायला बराच वेळ लागला. मी उठून उभा होतो, आबा उभे होते, पेपरवाले उभे होते. कादरभाई टेबलापर्यंत आले, पिशवीतून 'चर्चमागचं आवार' काढून समोर ठेवलं आणि खुर्चीत बसून दम घेतला.

"वाचून झालं?" आबांनी विचारलं.

"दोन वेळा झालं." कादरभाईंनी तोंड वाकडं केलं. "पोरं चांगली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण बेकार आहे हो कादंबरी! सोळा पानं गवतावर? आयसीयूत झोप यायला गोळी लागली नाही मला. आबा, आता एखादं खुनाचं दे. आता मला चालतं."